घोडा, दोरी आणि लॉक : इंग्लंडच्या कालव्यांवरच्या बिनइंजिनाच्या बोटी

काठाकाठाने

इंग्लंडात राहणारे आपल्यापैकी बरेच जण सुट्टीच्या दिवशी कालव्याच्या काठाने फिरतात आणि रंगीत, लांबुळकी बोट दिसली की 'हाउसबोट' म्हणून फोटो टाकतात. आज दिसणाऱ्या जवळजवळ सगळ्या बोटींत डिझेल इंजिन असतं. पण १७६१ मध्ये वर्स्लीच्या खाणींतला कोळसा ब्रिजवॉटर कालव्याने मँचेस्टरकडे जायला लागला, तिथून पुढची दीडशे वर्षं या देशाचा कोळसा, चुना, लोखंड, चिनीमाती आणि धान्य ज्या बोटींनी वाहिलं त्यांत इंजिन नव्हतं. घोडा ओढायचा, खेचर ओढायचं, कधी माणूस ओढायचा. इंजिन आल्यावरही या बोटी मोडीत निघाल्या नाहीत. त्या इंजिनाच्या बोटीमागे बांधल्या गेल्या आणि १९७० पर्यंत चालल्या.

या बोटींचे प्रकार आणि बोटवाल्यांच्या तोंडची नावं मराठीत एकत्र वाचायला मिळत नाहीत, म्हणून हा धागा. ज्यांना जे माहीत असेल ते लिहा.

मला या बोटी ओळखायची एक खूण सगळ्यात उपयोगी वाटते. लांबी-रुंदी नंतर बघा. आधी विचारा, रात्री या बोटीवर कोणी झोपायचं का?

बर्मिंगहॅमच्या आसपास झोपायचं नाही. तिथली बोट म्हणजे 'डे बोट', बोटवाल्यांच्या भाषेत 'जोई'. सकाळी खाणीवरून कोळसा भरायचा, कारखान्याच्या धक्क्यावर सोडायचा, संध्याकाळी घरी. केबिन नाही, किंवा असलीच तर शेगडीपुरती खोपटी. जोई दोन्ही टोकांना सारखीच असते. सत्तर फुटी बोट अरुंद कालव्यात वळवायची कुठे? म्हणून बोट वळवायचीच नाही. सुकाणू उचलून दुसऱ्या टोकाला अडकवायचं, घोडा या टोकाचा सोडून त्या टोकाला जुंपायचा, की निघाली परत. डडलीच्या ब्लॅक कंट्री संग्रहालयात अशा बोटी जवळून बघता येतात. लोखंडी पत्र्याचे तक्ते रिव्हेटांनी जोडलेले, कडा पोचे पडून लाटालाटांच्या झालेल्या, रंगरंगोटी काही नाही. मला त्या फार देखण्या वाटतात.

लांब पल्ल्याच्या बोटीवर मात्र झोपायचं, आणि एकट्याने नाही, अख्ख्या कुटुंबाने. मागच्या टोकाला दहा फूट लांब आणि सात फुटांहून कमी रुंद केबिन. तेवढ्यात शेगडी, घडीचं टेबल म्हणून उघडणारा कपाटाचा दरवाजा, रात्री आडवा टाकायचा पलंग, आणि आई-बाप-मुलं. १८७७ मध्ये याच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. केबिनीत हवेची जागा किती, त्यावरून किती माणसं राहू शकतील ते ठरायचं, आणि बोटीची नोंदणी होऊन क्रमांक केबिनीच्या बाजूवर रंगवला जायचा.

इंजिनाच्या बोटीमागे बांधलेल्या अशा बोटीला 'बटी' म्हणतात. बटी हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यावर सविस्तर लिहीनच. आधी तुमचं येऊ द्या.

जलपाश

छान धागा. पण झोपण्याच्या खुणेशी मी पूर्ण सहमत नाही. स्थापत्य अभियंता म्हणून मला वाटतं की बोट ठरवली ती लॉकने, म्हणजे बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर न्यायला कालव्यात बांधलेल्या, दोन्ही टोकांना दारं असलेल्या हौदाने. कालवे बांधणाऱ्या जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने मिडलंड्सच्या (मध्य इंग्लंडच्या) कालव्यांवर लॉक सुमारे ७ फूट रुंद आणि ७२ फूट लांब धरलं. पाणी कमी लागावं, बोगदे अरुंद खोदता यावेत, हा त्यामागचा हिशेब. एकदा ते ठरलं की बोट ७० फूट बाय पावणेसात फूट, माल २५ ते ३० टन, हे आपोआप ठरलं. त्यात माणूस झोपतो की नाही हा पुढचा प्रश्न.

उत्तरेत लीड्स-लिव्हरपूल कालव्यावर लॉक साधारण ६२ फुटी आणि १४ फूट रुंद. तिथली बोट आखूड आणि रुंद, म्हणून तिचं नावच 'शॉर्ट बोट'. आणि जिथे लॉकच नाही तिथे काय होतं ते बघा. वुल्व्हरहॅम्प्टनच्या पातळीवर कित्येक मैल एकही लॉक नाही. तिथे खाणीपासून कारखान्यापर्यंत एकाच पातळीवर फिरणाऱ्या बोटी ८५ फुटांच्या वर आणि आठ फुटांच्या जवळपास वाढल्या. माल ५० टनांपर्यंत. वुल्व्हरहॅम्प्टनवरून त्यांना 'अँप्टन' म्हणत. लॉकचं बंधन गेलं की बोट लगेच वाढते, हा माझ्या म्हणण्याचा पुरावा.

काठाकाठाने

@जलपाश, अँप्टनचं उदाहरण अगदी चोख दिलंत. लॉकने बोटीची हद्द ठरवली हे मान्य. पण जोई आणि लांब पल्ल्याची बोट दोन्ही त्याच ७ फुटी लॉकमधून जात होत्या, तरी त्या वेगळ्या आहेत. हद्दीच्या आत काय बांधायचं ते कामाने ठरवलं. दोन्ही मुद्दे एकत्र धरू या.

खाडीवरचा

मी रत्नागिरीचा, कालव्यांशी संबंध नाही, पण बोटींशी आहे. एक शंका. 'लायटर' आणि 'डम्ब बार्ज' असे शब्द जुन्या बंदरखात्याच्या कागदांत वाचले आहेत. ते यातच येतात का? आमच्याकडे मुंबईची आगबोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारू, सामान पडावातून किनाऱ्याला यायचं. लायटर म्हणजे आपला पडावच ना?

सातासमुद्रापार

@खाडीवरचा, काम तेच. जहाजाचं ओझं उतरवून धक्क्याला न्यायचं. डम्ब बार्ज म्हणजे जिला ना शीड ना इंजिन. लंडनला थेम्स नदीवर या लायटरांचा सुळसुळाट होता. भरती-ओहोटीच्या ओढीवर बोट सोडायची आणि लांबलचक वल्ह्याने फक्त दिशा सांभाळायची. ऐकायला सोपं वाटतं, पण पुलाच्या कमानींमधून मालाने भरलेली, ब्रेक नसलेली बोट ओहोटीच्या पाण्यावर नेमकी नेणं हे वर्षानुवर्षांच्या उमेदवारीचं काम होतं. माल नेणारे लायटरमन आणि उतारू नेणारे वॉटरमन, दोघांची मिळून एक जुनी कंपनी आहे, ती आजही आहे.

लंडनमध्ये गोद्या बांधल्या तेव्हा कायद्यात एक कलम पडलं, 'फ्री वॉटर क्लॉज'. जहाजाचा माल न्यायला-आणायला येणाऱ्या लायटरला गोदीत शिरण्याचे पैसे नाहीत. परिणाम असा झाला की जहाज गोदीत यायचं, पण माल धक्क्यावर न उतरता दुसऱ्या बाजूने लायटरात उतरायचा आणि नदीकाठच्या खासगी गोदामांकडे जायचा. गोदीवाले हात चोळत बसायचे. इंजिन नसलेल्या बोटीने एवढ्या मोठ्या बंदराचा हिशेब फिरवला, हे मला विलक्षण वाटतं.

हेच लायटर रीजंट्स कालव्यातही यायचे, तेव्हा मात्र त्यांना घोडा लागायचा.

हिंडफिरी

फेन्समधल्या लायटरांबद्दलही लिहा कोणीतरी! केंब्रिजच्या उत्तरेचा तो सपाट, पाणथळ भाग. तिथे लायटर एकेकटे नसायचे, पाच-पाचांची माळ साखळीने जोडलेली. दुसऱ्या लायटरावरून एक लांब वासा पहिल्यावर आलेला असायचा, त्याने माळेचं तोंड वळवायचं. ओढायला घोडा. पण तिथल्या काठांवर शेताशेतांची कुंपणं आडवी आलेली, त्यामुळे घोड्याला दोर जुंपलेला असतानाच कुंपणावरून उडी मारायला शिकवलेलं असायचं. आणि घोड्याची वाट नदीच्या या काठावरून त्या काठाला गेली की घोडा पलीकडे न्यायला माळेसोबत एक छोटी होडी. तिला म्हणायचे 'हॉर्स बोट'.

म्हणजे कालव्यावर 'हॉर्स बोट' म्हटलं की घोड्याने ओढलेली बोट, आणि फेन्समध्ये म्हटलं की घोड्याला बसवून नेणारी बोट. वाचताना कुठल्या भागाबद्दल चाललंय ते आधी बघावं लागतं.

गतिशास्त्र

फ्लाय बोटींचा उल्लेख कसा नाही आला अजून? ठरलेल्या वेळापत्रकाने रात्रंदिवस धावणारी घोड्याची बोट. चार जण आळीपाळीने झोपायचे, ठरावीक टप्प्यांवर ताजे घोडे तयार असायचे, आणि इतर बोटींनी तिला वाट द्यायची. लवकर खराब होणारा किंवा किमती माल तिच्यातून जायचा. श्रॉपशायर युनियन कालव्याची 'सॅटर्न' नावाची १९०६ ची फ्लाय बोट दुरुस्त करून जपली आहे. चेशायरचं चीज या बोटींनी जायचं.

स्कॉटलंडात याहून पुढची गोष्ट झाली. ग्लासगो ते जॉनस्टन कालव्यावर उतारूंच्या हलक्या, निमुळत्या बोटी १८३० च्या सुमारास ताशी आठ-दहा मैलांनी पळायला लागल्या. एरवी भरलेली बोट ताशी दोन-अडीच मैल जाते, हे लक्षात घ्या. बोट एका विशिष्ट वेगाच्या पुढे गेली की ती स्वतःच्याच लाटेच्या माथ्यावर चढते आणि ओढ एकदम हलकी होते. एक घोडा बुजून उधळला तेव्हा हे ध्यानात आलं, असं जॉन स्कॉट रसेलने नोंदवलंय.

हा रसेल १८३४ मध्ये एडिंबराजवळ युनियन कालव्यावर बोट बघत होता. दोन घोडे बोट ओढत होते. बोट अचानक थांबली. नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, जमलेलं पाणी मात्र थांबलं नाही. फूट-दीड फूट उंचीची एक गुळगुळीत लाट एकटीच पुढे निघाली, आकार न बदलता. रसेलने घोड्यावरून तिचा पाठलाग केला, ताशी आठ-नऊ मैलांनी, मैल-दोन मैल, वळणांत ती दिसेनाशी होईपर्यंत. आज भौतिकशास्त्रात 'सॉलिटॉन' म्हणून जे शिकवतात त्याची पहिली नोंद ही. प्रकाशतंतूंमधल्या संदेशवहनात त्याच गणिताचा उपयोग होतो. माझ्या विषयाची सुरुवात एका घोडेबोटीपासून झाली, हे मी प्रत्येक तुकडीला आवर्जून सांगतो.

मुंग्यांचं_वारूळ

वा! सगळेच प्रतिसाद वाचनीय. एक बाळबोध प्रश्न : समोरासमोर दोन घोडेबोटी आल्या तर दोर एकमेकांत अडकत नसत का? वाट तर एकाच काठाला असते.

काठाकाठाने

@मुंग्यांचं_वारूळ, बाळबोध अजिबात नाही. एका बोटीने दोर सैल सोडायचा. तिचा घोडा थांबतो, दोर पाण्यात बुडतो, समोरची बोट त्या बुडालेल्या दोरावरून निघून जाते आणि तिचा घोडा वाटेवर पडलेल्या दोरावरून पाय उचलून पुढे जातो. मग पहिला घोडा पुन्हा चालायला लागतो. बोटीला तेवढा वेळ पुरेल इतकी गती अंगात असतेच.

वाट एका काठावरून दुसऱ्या काठाला जाते तिथे घोडा पुलावरून न्यायचा, पण दोर न सोडता. त्यासाठी पुलाचा उतार गोल फिरवून पुन्हा पुलाखालीच आणलेला असतो. मॅकल्सफील्ड कालव्यावरचे असे पूल बघण्यासारखे आहेत. स्ट्रॅटफर्डच्या कालव्यावर वेगळी युक्ती आहे : पुलाच्या मधोमध हाताच्या बोटाएवढी फट ठेवलेली, दोर त्यातून सरकवायचा. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर दोरांनी घासून पडलेल्या खाचा आहेत. त्यात बोट घालून बघा, दोन-दोन पेरं आत जातं.

जलपाश

आता माझ्या आवडीचे, ज्यांना बोट म्हणावं की डबा असा प्रश्न पडतो.

'टब बोट' म्हणजे लाकडाची किंवा लोखंडाची चौकोनी पेटी, पाचेक टनांची. श्रॉपशायरच्या डोंगराळ भागात लॉक बांधायला पाणी नाही, म्हणून बोटच रुळांवरून उतारावर चढवायची-उतरवायची. १७८८ मध्ये केटलीला विल्यम रेनॉल्ड्सने ब्रिटनमधला असा पहिला उतार केला. कोलपोर्टजवळचा 'हे' (Hay) नावाचा उतार २०७ फूट उंचीचा आहे, आजही जागेवर आहे. कॉर्नवॉलच्या ब्यूड कालव्यावर तर टब बोटींच्या बुडालाच चाकं होती. त्यांतून समुद्राची वाळू आतल्या शेतांना जायची, आंबट जमिनीत घालायला.

दुसरा डबा 'टॉम पुडिंग'. यॉर्कशायरच्या एअर अँड कॅल्डर जलमार्गावर विल्यम बार्थोलोम्यूने १८६० च्या दशकात आणलेले लोखंडी डबे, प्रत्येकात चाळीसेक टन कोळसा. एका टगमागे, म्हणजे ओढणाऱ्या इंजिनाच्या बोटीमागे, एकोणीस-एकोणीस डबे. पहिल्या डब्यापुढे पाचरीच्या आकाराचं खोटं नाळतोंड लावायचे, म्हणजे टगने मागे फेकलेलं पाणी सपाट डब्यावर आपटत नाही. त्या पाचरीला 'जेबस' म्हणत. गूल बंदरात गेल्यावर हायड्रॉलिक उचलयंत्र अख्खा डबा पाण्यातून वर घेऊन जहाजात उलटा करायचं. फावडं नाही, टोपली नाही. कोळसा खाणीतून जहाजापर्यंत एकाच डब्यातून जातो, ही कंटेनरची कल्पना शंभर वर्षं आधी इथे चालू होती. १९८० च्या दशकापर्यंत ते चाललं.

आणि काठाकाठाने, तुम्ही वर्स्ली म्हणालात म्हणून : त्या खाणीच्या पोटात सुमारे ४६ मैल भुयारी कालवे होते. त्यांत फिरणारी बोट पाच फुटांहूनही अरुंद. आतून फळ्या मारलेल्या नाहीत, त्यामुळे फासळ्या उघड्या. उपाशी माणसाच्या दिसतात तशा, म्हणून नाव 'स्टार्व्हेशनर'. मोठीत बारा टन मावत.

खाडीवरचा

स्टार्व्हेशनर हे नाव ठेवणारा माणूस स्वतः पोटभर जेवत असेल असं वाटत नाही. खाणीत काम करणाऱ्यांनीच ठेवलं असणार.

बोगद्यात घोडा कसा जायचा पण?

हिंडफिरी

बहुतेक जुन्या बोगद्यांत वाटच नव्हती. घोडा सोडून डोंगरावरून पलीकडे न्यायचा. बोटीवर आडवी फळी टाकायची, दोघांनी दोन बाजूंना उताणं झोपायचं आणि बोगद्याच्या भिंतीवर पावलं टाकत बोट रेटायची. याला 'लेगिंग' म्हणतात. स्टँडेजचा बोगदा, १८११ चा, सव्वातीन मैलांचा आहे. रिकामी बोट असली तरी तास-दीड तास, भरलेली असली तर त्याच्या दुप्पट. डडलीच्या बोगद्यात पर्यटकांना थोडंसं करून बघता येतं. काही मिनिटांत मांड्या भरून येतात.

हिवाळ्यातल्या बर्फफोड्या बोटीही विसरू नका. लोखंडी पत्रा मारलेली छोटी बोट, मधोमध आडवा दांडा, तो धरून दोन्ही बाजूंना माणसं उभी. पुढे घोड्यांची रांग जोरात ओढतेय आणि ही माणसं तालात बोट डावी-उजवी हलवतायत, की बर्फ फुटतो. कालवा गोठला की बोटवाल्याची कमाई बंद, त्यामुळे हे काम फार महत्त्वाचं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात मात्र बर्फ इतका टिकला की उरलीसुरली मालवाहतूकही त्याने जवळपास संपवली.

काठाकाठाने

आता बटी.

इंजिनाची बोट ती 'मोटर', तिच्यामागची ती 'बटी'. मोटरमध्ये इंजिनाची खोली मालाची जागा खाते, बटीत ती जागा माल घेतो. जोडीत मिळून पन्नासेक टन. बटीला इंजिनाने फिरणारा पाण्यातला पंखा नाही, म्हणजे सुकाणूवर पाण्याचा झोत येत नाही. म्हणून तिचं सुकाणू भलंमोठं, लाकडी. बोटवाले त्याला 'एलम' म्हणत. त्याचा वाकदार दांडा खोबणीत बसवलेला असतो. बोट बांधली की दांडा उपसून उलटा खोचायचा, टोक आभाळाकडे, म्हणजे केबिनीच्या दारात येत-जात लागत नाही. सुकाणूच्या खांबाला पांढऱ्या दोरीचं विणकाम, आणि कित्येकदा घोड्याच्या शेपटीचे केस. घोडा गेला तरी शेपूट राहिली.

बटी भरलेली असली की मोटरपासून सत्तरेक फूट लांब दोरावर, कारण मोटरच्या पंख्याचं पाणी तिच्या नाळेवर आपटलं तर ओढ वाढते. रिकामी असली की दोन आखूड दोर फुलीसारखे आडवे बांधून अगदी जवळ. रुंद लॉकमध्ये दोघी शेजारी-शेजारी बांधून एकदम आत. अरुंद लॉकच्या रांगेत मात्र मोटर आधी जाते आणि बटी माणसाने खांद्याला दोर लावून ओढायची.

आणि थांबवायची कशी? बटीला ब्रेक नाही, उलट फिरणारा पंखा नाही. पंचवीस टन माल लॉकच्या दाराकडे निघालेला असतो. लॉकमध्ये शिरताशिरता दोराचा फास काठावरच्या खुंटाला टाकायचा, दोन वेढे द्यायचे, आणि दोर हळूहळू सुटू देत तिचा जोर मोडायचा. वेढा लवकर आवळला तर दोर तुटतो, उशिरा आवळला तर बोट दारावर. हे काम बहुतेक वेळा बटीवरची बाई करायची. कुटुंबात पुरुष मोटरवर आणि बायको बटीवर, एका हाताने सुकाणू, कडेला मूल, आत चुलीवर जेवण.

दुसऱ्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा ज्या तरुण मुलींना शिकवून तीन-तीनच्या गटाने जोड्या दिल्या, त्यांनीही हेच केलं. लंडनहून बर्मिंगहॅमला धातू वगैरे माल, तिथून रिकामं कोव्हेंट्रीच्या खाणींकडे, कोळसा भरून परत लंडन. त्यांच्या बिल्ल्यावर 'आय डब्ल्यू' म्हणजे 'इनलँड वॉटरवेज' होतं. लोक त्याचा अर्थ 'आयडल विमेन', रिकामटेकड्या बायका, असा लावत. मला हे वाचून दर वेळी संताप येतो.

जलपाश

सुंदर लिहिलंत. तरी एक मुद्दा. बटी हा बोटीचा प्रकार आहे की कामाचं नाव? मोटर येण्याआधीची कुठलीही घोडेबोट मागे बांधली की तीही बटीच झाली. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन या वाहतूक कंपनीच्या वाफेच्या बोटींमागे अशाच जुन्या घोडेबोटी होत्या.

काठाकाठाने

दोन्ही. आधी कामाचं नाव होतं. १९३० च्या दशकात ग्रँड युनियन कंपनीने मोटरच्या जोडीने चालवायलाच बटी बांधून घेतल्या, तेव्हापासून प्रकार झाला. या बटी घोड्यासाठी नव्हत्याच, मोटरमागे जाण्यासाठीच होत्या. जुनी घोडेबोट आणि मुद्दाम बांधलेली बटी शेजारी ठेवल्या तर कसलेला माणूस नाळेच्या आकारावरून ओळखतो.

मुंग्यांचं_वारूळ

पुढच्या महिन्यात आईबाबा येतायत. बाबांना चालायला त्रास होतो, पण घोड्याने ओढलेली बोट प्रत्यक्ष चालताना दाखवायची आहे. लीड्सहून सोयीचं काय?

हिंडफिरी

वेल्समध्ये लँगॉलेनला घोड्याच्या बोटीतून फिरवतात, १८८४ पासून चालू आहे. लीड्सहून तेच त्यातल्या त्यात जवळ. डेव्हनमधलं टिव्हर्टन, सरीतलं गोडाल्मिंग, बर्कशायरमधलं किंटबरी इथेही अशा बोटी चालत आल्या आहेत, आता चालू आहेत का ते विचारावं लागेल. सगळ्या दक्षिणेला. आधी फोन करून चढ-उताराची सोय विचारून घ्या, आणि घोड्याच्या सुट्टीचे दिवसही. गूल मात्र लीड्सहून तासाभरावर आहे. टॉम पुडिंग उलटं करणारं एक उचलयंत्र तिथे अजून उभं आहे, गाडीत बसूनही बाबांना दिसेल.